पावतीवरचे १० रुपये

प्रति,
राज्यातील अकृषी विद्यापीठांच्या अधिसभांचे (सिनेटचे) सन्माननीय सदस्य

विषय: विद्यार्थ्यांच्या आपत्कालीन मदतीसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष (हिशोबातले खाते) मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, वरिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात २८ वर्षं लिपिक होतो. त्यातली शेवटची ११ वर्षं शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडे होतं. मुलं मला भाऊसाहेब म्हणायची आणि त्यांचं माझ्याशी बोलणं बहुतेक एका वाक्याचं असायचं: "भाऊसाहेब, स्कॉलरशिप कधी पडंल?" या प्रश्नाचं खरं उत्तर मला कधीच ठाऊक नसायचं. पोर्टलवर दिसेल ते सांगायचो. डेस्क एकला आहे. डेस्क दोनला आहे. बिल गेलंय. व्हाउचर आलंय, रिडीम कर.

एप्रिल २०२० मध्ये हाच प्रश्न एका मुलीनं मला फोनवर विचारला. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची. आईबाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेलेले, लॉकडाउन लागला तसे तिथेच कोप्यांमध्ये, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांत, अडकलेले. घरी ती, आजी आणि दोन धाकटे भाऊ. रेशनचा तांदूळ आला होता. मी म्हटलं, मग अडलंय कशाला? ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तेल न्हाई. आन् आजीची बीपीची गोळी परवाच सपली." किती लागतील, असं विचारलं तर लगेच म्हणाली, सहाशे. हिशोब मांडूनच फोन केला होता तिनं.

मी पोर्टल उघडून तिचा अर्ज पाहिला. निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ताही पडलेला नव्हता. जानेवारीत अर्ज त्रुटीत निघाला होता, कारण उत्पन्नाच्या दाखल्यावर वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकली होती. तहसीलमधून नवा दाखला आणून अर्ज पुन्हा वर पाठवला तोवर मार्च उजाडला आणि वरची कार्यालयं बंद झाली. तिला मिळायची रक्कम हजारांत होती आणि तिला ६०० मिळत नव्हते. यात कुणा एका अधिकाऱ्याची चूक आहे असं मी म्हणणार नाही. वेलांटी खरोखरच चुकली होती.

मुद्दा वेगळा आहे. शिष्यवृत्ती हे वर्षाचं काम आहे. अर्ज, पडताळणी, मंजुरी, वितरण, या वाटेनं ती वर्षाच्या शेवटी पोचली तरी आम्ही वेळेत आली म्हणायचो. अडचण आठवड्याची असते. आपल्याकडे वर्षाच्या अडचणीसाठी ढीगभर योजना आहेत. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क प्रतिपूर्ती आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार आहे, जिच्यात पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या मुलाला वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. या योजनांनी हजारो घरं उभी राहिली, मी ती राहताना पाहिली आहेत. पण यांपैकी एकीलाही आठवड्याच्या आत कुणाच्या हातात ६०० रुपये ठेवता येत नाहीत. त्यासाठी त्या केलेल्याच नाहीत.

तर मग आम्ही काय केलं? ऑफिसातले चौघे, दोन प्राध्यापक आणि ग्रंथालयातला शिपाई अशा सात जणांनी पैसे काढले. पगार चालू होते आमचे, ही त्या काळात किती मोठी गोष्ट होती ते आम्हाला कळत होतं. रोख ठेवायला खडूचा रिकामा डबा घेतला आणि हिशोबाला एक शंभरपानी वही. ती वही अजून माझ्याकडे आहे. काही नोंदी अशा:

"१९९ चा रिचार्ज, बीए २, ऑनलाइन तासासाठी." "किराणा ८००." "खोलीभाडे १,५००, मालक सामान बाहेर काढतो म्हणतो." "चष्मा फुटला, ४५०." "पुण्याहून गावी, गाडीवाल्याला द्यायला ७००." हा शेवटचा मुलगा आमच्याकडून बीकॉम होऊन पुढे एमकॉमला पुण्यात गेलेला. रात्री हॉटेलात वाढायचं काम करायचा. हॉटेल बंद, खाणावळ बंद, डबेवाल्या काकू गावी गेलेल्या. म्हणजे तो आमचा विद्यार्थीही नव्हता, पण फोन करायला त्याला आमचाच नंबर आठवला. कमवा व शिका योजनेतल्या आमच्या आठ मुलांचं मानधन तर मार्चच्या मध्यालाच थांबलं. झाडांना पाणी घालायचं, ग्रंथालयात पुस्तकं लावायची, तासाप्रमाणे पैसे. कॉलेजला कुलूप लागलं की तास संपले. झाडं सुकू नयेत म्हणून पाणी आम्ही घातलं, पण मुलांच्या पोटाचा विचार त्या योजनेच्या नियमात कुठे नव्हता.

वर्षभरात वहीत ३१ नावं झाली. डबा दोनदा रिकामा झाला.

आता १० रुपयांकडे येतो. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याला जी पावती मिळते ती कुणी वाचत नाही, मी ती रोज फाडायचो म्हणून मला पाठ आहे. आमच्या पावतीवर शिकवणी, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, विमा अशा ओळींच्या खाली एक ओळ असायची: आपत्ती निधी, रुपये १०. ही रक्कम कॉलेजनं गोळा करून विद्यापीठाकडे भरायची. दरवर्षी त्याचं चलन मीच केलं. मला वाटलं, याहून मोठी आपत्ती ती कोणती यायची? म्हणून जून २०२० मध्ये प्राचार्यांच्या सहीनं मी पत्र तयार केलं. आमच्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या आपत्ती निधीतून आमच्याच अडलेल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक हजार रुपये द्यायला मान्यता मिळावी. सोबत यादी जोडली.

उत्तर आलं, हे कबूल केलं पाहिजे. साडेचार महिन्यांनी. "सदर निधीच्या विनियोगाबाबत स्वतंत्र कार्यपद्धती विहित नसल्याने आपली मागणी मान्य करता येत नाही." विद्यापीठाचं नाव मी इथे घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण मी शेजारच्या विद्यापीठाच्या कॉलेजांतल्या माझ्यासारख्याच दोघांना फोन करून विचारलं तर त्यांचा अनुभव तोच निघाला. निधी होता, पण त्याला दार ठेवलेलं नव्हतं.

हिशोब साधा आहे. २ हजार पटाच्या कॉलेजातून वर्षाला २० हजार रुपये वर जातात. पाच लाख विद्यार्थी असलेल्या विद्यापीठाकडे असे वर्षाला ५० लाख जमतात. नुसते १० रुपयांचे. विद्यार्थी कल्याणाच्या नावाखाली जे वेगळं घेतलं जातं ते यात धरलेलं नाही.

कार्यपद्धती विहित नाही, या वाक्यावर मी बराच विचार केला. आमच्या भागात मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोडीला हंगामाआधी उचल देतो. एका कोयत्याची, म्हणजे एका जोडीची, ती उचल पन्नास हजारांच्या पुढे, लाखापर्यंतही जाते. तो उत्पन्नाचा दाखला मागत नाही, रेशनकार्डाची झेरॉक्स मागत नाही, आधार बँकेला जोडलंय का ते विचारत नाही. मुकादमाची बाजू घ्यायची माझी अजिबात इच्छा नाही. त्या उचलीच्या पायी पोरींची लग्नं लवकर लागतात आणि पोरांची शाळा सुटते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण पैसा आज लागतो हे त्याला कळतं. त्याचा धंदाच त्या एका समजुतीवर उभा आहे. आपण ती समजूत त्याच्याकडे सोपवून दिली आणि आपल्याकडे पडताळणी ठेवली.

२०२१ साली सवलती झाल्या, त्या मी विसरलेलो नाही. वापर न झालेल्या जिमखान्यासारख्या सोयींची शुल्कं माफ किंवा कमी झाली, कोरोनात पालक गमावलेल्या मुलांचं शुल्क माफ करायचा निर्णय झाला. चांगलं झालं. त्याआधी मे २०२० मध्ये यूजीसीनंही (विद्यापीठ अनुदान आयोगानं) शुल्काच्या बाबतीत सहानुभूतीनं विचार करा असं विद्यापीठांना कळवलं होतं. पण माझ्या टेबलावरून हे कसं दिसलं ते सांगतो. माझ्या वहीतल्या ३१ जणांपैकी २४ जण शिष्यवृत्तीत किंवा फ्रीशिपमध्ये होते. त्यांचं शुल्क सरकार भरतच होतं. जे शुल्क त्यांना भरायचंच नव्हतं ते माफ झाल्यानं त्यांच्या घरात एक रुपया आला नाही. शुल्कमाफीचा फायदा मिळाला तो ज्यांना शुल्क भरावं लागत होतं त्यांना, आणि त्यातही पुष्कळ गरजू होते, हे खरं. पण सगळ्यांत खालच्या पायरीवरचा मुलगा त्या निर्णयात कुठेच नव्हता. शुल्क म्हणजेच शिक्षणाचा खर्च, अशी आपली समजूत झाली आहे. खोली, डबा, एसटीचा पास, रिचार्ज, गोळ्या, हे सगळं त्या हिशोबाच्या बाहेर.

दुसरं, वयाचं. दुसऱ्या लाटेत आमच्या एका पहिल्या वर्षाच्या मुलाचे आई आणि वडील दोघंही नऊ दिवसांच्या अंतरानं गेले. मे २०२१ च्या अखेरीस पीएम केअर्समधून अनाथ झालेल्या मुलांसाठी योजना जाहीर झाली, पाठोपाठ राज्यानं ५ लाखांच्या ठेवीची योजना आणली. मी दोन्हींची माहिती छापून घेतली आणि त्याला बोलावलं. मग त्याचा दाखला काढून जन्मतारीख पाहिली. वडील गेले त्या दिवशी तो १८ वर्षं २ महिन्यांचा होता. दोन्ही योजना अठराच्या आतल्यांसाठी. त्याला मी काय सांगायचं? पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोरोनानं गेलेल्यांच्या वारसांना ५० हजारांचं सानुग्रह अनुदान मिळालं, ते त्यालाही मिळालं. पण न्यायालयाचा तो आदेशच ऑक्टोबर २०२१ चा. मधले महिने तो मेडिकल दुकानात उभा राहिला आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला आला नाही.

महाविद्यालयातला मुलगा बहुतेक १८ ते २२ वयाचा असतो. लहान मुलांच्या योजनेतून तो मोठा म्हणून बाहेर पडतो आणि मजुरांच्या योजनेतून विद्यार्थी म्हणून. त्याचा म्हणून जो कुणी वाली असायचा ते विद्यापीठ. म्हणून हे पत्र मी मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहितोय.

आमच्याच कॉलेजातून बीएस्सी करून गेलेली एक मुलगी तेव्हा अमेरिकेत एमएस करत होती. तिच्याशी बोलताना तिथली पद्धत कळली. २७ मार्च २०२० ला, म्हणजे आपला लॉकडाउन लागून दोन-तीन दिवस होतात तोच, तिथे केअर्स कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्यात उच्च शिक्षणाला सुमारे १४ अब्ज डॉलर होते आणि कॉलेजांना मिळणाऱ्या मुख्य वाट्यातली किमान निम्मी रक्कम विद्यार्थ्यांच्या हातात रोख मदत म्हणून द्यायची, असं कायद्यातच लिहिलेलं होतं. जेवण, घरभाडं, पुस्तकं, संगणक-इंटरनेट, औषधपाणी, लेकरं सांभाळायचा खर्च, हे सगळं त्यात बसत होतं. वाटप करायचं कॉलेजनं. पुढच्या वर्षभरात आणखी दोन कायद्यांनी त्यात भर पडली.

तिथलं सगळं सोनं होतं असं नाही. एप्रिलमध्ये तिथल्या शिक्षण खात्यानं अट घातली, की जे सरकारी आर्थिक साहाय्याला पात्र आहेत त्यांनाच ही मदत. झालं, परदेशी विद्यार्थी बाहेर, आणि आमची मुलगीही बाहेर. तिची कॅम्पसवरची नोकरी गेलेली आणि व्हिसामुळे बाहेर काम करायची मुभा नाही. ही अट मे २०२१ मध्ये गेली, तोवर तिची पदवी झालीही होती. पण तिच्या विद्यापीठाचा स्वतःचा एक छोटा आपत्कालीन निधी होता. तिनं एका पानाचा अर्ज भरला आणि सहाव्या दिवशी तिच्या खात्यात ५०० डॉलर आले. सरकारच्या अब्जांनी जिला हात दिला नाही तिला विद्यापीठाच्या लहानशा निधीनं दिला. मला त्या गोष्टीतला हा भाग महत्त्वाचा वाटतो. अब्जांची बरोबरी आपण करू शकत नाही, एका पानाच्या अर्जाची करू शकतो.

दरवर्षी २२ सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जयंतीला आपल्या कॉलेजांत भाषणं होतात आणि त्यात लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडल्याची गोष्ट सांगितली जाते. मी ती २८ वेळा तरी ऐकली असेल. दर वेळी सभागृह गहिवरतं. तेव्हा संस्थेकडे पैसेच नव्हते, म्हणून त्या माउलीनं अंगावरचा दागिना काढला. आज विद्यापीठांच्या ठेवी बँकांत आहेत, आपत्ती निधी जमा आहे, आणि तरीही मुलाच्या किराण्यासाठी ग्रंथालयातल्या शिपायानं खिशातून दोनशे काढायचे? त्याला आम्ही काय म्हणतो, तर सेवाभाव.

माझी मागणी एवढीच आहे. मार्चच्या अर्थसंकल्पी अधिसभेत "आपत्कालीन विद्यार्थी साहाय्य" असं लेखाशीर्ष उघडा आणि त्याची कार्यपद्धती त्याच बैठकीत विहित करून टाका, म्हणजे पुढच्या वेळी ते वाक्य कुणाला लिहिता येणार नाही. पावतीवरच्या १० रुपयांतले निम्मे कॉलेजकडेच राहू द्या. प्राचार्यांना एका विद्यार्थ्यामागे एका वेळी ३ हजारांपर्यंत मंजुरीचा अधिकार द्या आणि विद्यापीठाची मंजुरी कार्योत्तर, म्हणजे पैसे दिल्यानंतर, घ्या. इमारतीच्या गळतीला, निवडणुकीच्या मंडपाला आपण कार्योत्तर मंजुऱ्या देतोच की. अर्ज एका पानाचा असावा, वर्गशिक्षकाची शिफारस पुरे, दाखला कोणताही नको. पैसे तीन दिवसांत जावेत आणि मुलाचं खातं चालू नसेल तर आईच्या, भावाच्या, ज्याच्या फोनवर जातील त्याच्या खात्यात जावेत. आधार जोडणीची अट घातलीत तर आमचे निम्मे अर्ज तिथेच बसतील. अनुदानित, विनाअनुदानित असा भेद करू नका, वसतिगृहातला आणि खोलीवरचा असाही नको. आणि कृपा करून नावं फलकावर लावू नका आणि धनादेश देतानाचे फोटो काढू नका. ती बीएस्सीची मुलगी फोनवर गप्प बसली होती ना, ती फोटोला कधीच उभी राहिली नसती. तिनं फोनच केला नसता.

मुलं फसवतील, ही शंका लेखा विभाग काढणार, मला माहीत आहे. फसवतात. माझ्या ३१ पैकी दोघांनी फसवलं. एकानं खोलीभाड्याच्या नावावर घेऊन बूट आणले आणि तेच घालून ऑफिसात आला, इतका भाबडा फसवणारा. दुसऱ्याचं सांगत नाही. दुसरीकडे, सात जणांनी पुढे पैसे परत आणून दिले. आम्ही मागितले नव्हते. ते घ्यायचे कोणत्या शीर्षाखाली, हा प्रश्न पडला, कारण खडूच्या डब्याला लेखाशीर्ष नव्हतं. परत डब्यातच टाकले आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा आमच्या एका प्राध्यापकांच्या ओळखीनं तिथल्या दोन विद्यार्थ्यांना पाठवले.

साथ संपली, आता हे कशाला, असं कुणी म्हणेल. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत पाणी शिरलं तेव्हा साथ नव्हती. आमच्याकडे दर चार-पाच वर्षांनी दुष्काळ असतो, त्यालाही साथ लागत नाही. एखाद्या घरात बाप ट्रॅक्टरखाली सापडतो, त्या घरापुरती ती महामारीच असते आणि तिची अधिसूचना निघत नाही. निधी तेव्हाही लागतो.

सहाशे रुपयांसाठी फोन करणाऱ्या त्या मुलीची २०१९-२० ची शिष्यवृत्ती पुढे जमा झाली. तिनं मेसेज केला तेव्हा ती तिसऱ्या वर्षाची परीक्षा देत होती. एमएस्सीला प्रवेश घेतला तिनं, त्याच पैशांतून.

सभासदांपैकी ज्यांना हा ठराव मांडायचा असेल त्यांच्यासाठी मसुदा मी तयार करून ठेवला आहे. मला टायपिंग येतं आणि आता वेळही आहे. ठरावाची सूचना सभेआधी ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते, तेवढी तारीख चुकवू नका.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक, शिष्यवृत्ती विभाग

सोबत: अर्जाचा नमुना (१ पान), वहीच्या ४ पानांची झेरॉक्स, नावं खोडून